लाईट कमी येतेय

आपल्याकडे विजेच्या सगळ्या राशींना मिळून एकच नाव आहे: लाईट. पंखा सावकाश फिरला की लाईट कमी येते, फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या की लाईट मारते, आणि काहीच चालेना तर लाईट गेलेली असते. गेऑर्ग ओहमने 1827 साली दाब (व्होल्ट), धारा म्हणजे करंट (अँपिअर) आणि रोध (ओहम) यांचा हिशेब वेगवेगळा मांडून दाखवला. ती बातमी आमच्या घरी अजून पोहोचायची आहे. त्यामुळे गिझरचं पाणी कोमट आलं की आईचं निदान ठरलेलं, "लाईट कमी येतेय," आणि शाळेत शास्त्राला बरे मार्क पडल्याच्या जुन्या गुन्ह्यापायी हे तिन्ही मोजणारा मल्टिमीटर माझ्या हातात.

गणित म्हणाल तर अगदी गरीब आहे. गिझरवर लिहिलंय 2000 वॅट, 230 व्होल्ट. वॅटला व्होल्टने भागा: 8.7 अँपिअर. व्होल्टला अँपिअरने भागा: साधारण 26.5 ओहम. छळ सुरू होतो तो मोजायला गेल्यावर.

स्वस्तातल्या मीटरला 10 अँपिअर लिहिलेलं एक भोक असतं. करंट मोजायला तेच, असं वाटतं. पण बहुतेक स्वस्त मीटरांत ते फक्त डीसीसाठी असतं आणि घरात येते एसी. शिवाय शेजारी मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं की आत फ्यूज नाही. त्या भोकात लाल वायर ठेवून कुणी सवयीने दोन्ही टोकं सॉकेटमध्ये घातली, तर मीटरचा रोध जवळजवळ शून्य, म्हणजे 230 भागिले शून्य. शून्याने भागता येत नाही, हे मग बोर्डावरची आपोआप पडणारी एमसीबी खाडकन सांगते. मीटर वाचेलच असं नाही. हातही.

म्हणून क्लॅम्प मीटर, वायर न तोडता बाहेरूनच करंट मोजणारा. त्याचा चिमटा एकाच वायरीला लावायचा. अख्ख्या केबलला लावला तर फेजमधून जाणारा करंट आणि न्यूट्रलमधून परतणारा करंट एकमेकांना खाऊन टाकतात. पाणी तापतंय आणि पडद्यावर शून्य! फुकट विजेचा हा आनंद बिल येईपर्यंत टिकतो.

चिमटा नसेल तर जिन्याखालचं वीज मीटर आहेच. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला किती लुकलुक, ते मीटरवरच छापलेलं असतं. समजा 3200. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त गिझर लावायचा आणि मिनिटभर मोजायचं. 107 भरले की 2000 वॅट. अट एकच, 63व्या लुकलुकीला वर कुणी मिक्सर लावता कामा नये. आमच्याकडे लावतात.

रोध मोजणं त्या मानाने सोपं, पण शिस्तीचं. मेन बंद, प्लग बाहेर, एलिमेंटच्या, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलच्या, दोन्ही वायरी सुट्या. मीटर 200 ओहमवर. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवा, तिथेच 0.4 वगैरे दिसेल, तो वायरींचा स्वतःचा रोध, तेवढा वजा करायचा. मग एलिमेंटवर 26.9 आले तर 26.5 धरायचे. पडद्याच्या डाव्या कडेला नुसता 1 दिसला तर रोध मीटरच्या मापाबाहेर, म्हणजे कॉइल तुटली आहे. त्याला एक ओहम समजणारे भेटतात. त्यांच्या हिशेबाने गिझर 52,900 वॅटचा, म्हणजे दहा हॉर्सपॉवरच्या सात पिठाच्या गिरण्या बाथरूममध्ये. एक टोक एलिमेंटला आणि दुसरं अर्थिंगला लावल्यावर मात्र तो 1च दिसायला हवा. तिथे आकडा आला तर गिझर लावू नका, वायरमन बोलवा.

आणि हा हिशेब जुन्या पिवळ्या बल्बला लावू नका. 100 वॅटचा बल्ब गार असताना मोजला तर जेमतेम 40 ओहम भरतो, म्हणजे हिशेबाने 1300 वॅट! पेटल्यावर तार लालबुंद होते तेव्हा तोच रोध 529 होतो. गिझरच्या कॉइलची तार ज्याची असते ते निक्रोम गुणी, तापलं तरी फारसं बदलत नाही.

एलिमेंट धड निघालं की संशय थ्री-पिन टॉपवर. पिन सैल असेल तर तिथे अर्धा ओहम सहज जमतो. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे सुमारे 36 वॅट त्या प्लॅस्टिकच्या टॉपात. डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच वॅटचं असतं. टॉप काळा पडतो तो यामुळे. तो बदलाच, पण पाणी कोमट येण्याचं कारण तो नव्हे. गिझरची ताकद त्याने चारेक टक्केच घटते.

उरला दाब. तो गिझर चालू ठेवून मोजायचा, कारण रिकाम्या सॉकेटवर सगळेच 230 दाखवून सज्जन होतात. चालू केल्यावर 200 भरले तर 200 चा वर्ग भागिले 26.5: 1500 वॅट. दाब तेरा टक्के उतरला आणि ताकद पाव भाग गेली. पंधरा लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर न्यायला 21 मिनिटं पुरायची, तिथे आता 28.

हे सगळं कागदावर मांडून, विभवांतर घटल्याने शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटली, असं मी स्वयंपाकघरात जाहीर करतो.

"म्हणजे लाईटच कमी येतेय ना," आई म्हणते. "मग उद्यापासून सात मिनिटं आधी लाव."