'मराठीच्या बाई' आणि ध चा मा : एका प्रतिक्रियेला उत्तर

गेल्या आठवड्यात मी आनंदीबाई आणि लेडी मॅकबेथ यांच्यावर लिहिलं. नारायणराव पेशव्यांना 'धरावे' या हुकुमाचं 'मारावे' केल्याचं खापर राघोबादादांच्या बायकोवर, आनंदीबाईंवर, फुटतं; पण तो कागद कोणी दाखवलेला नाही आणि नवऱ्याचा दोष बायकोच्या नावावर गेला, असं माझं म्हणणं होतं. बहुतेक प्रतिक्रियांना दोन-दोन ओळींत उत्तरं दिली. एक मात्र तशी सोडवेना. तीन दिवस ती मनात घेऊन फिरते आहे, म्हणून स्वतंत्रच लिहिते. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी ती जशीच्या तशी :

"बाई, लेख वाचला. आनंदीबाईला धुऊन काढायची सध्या फॅशनच आहे. कागद सापडला नाही म्हणजे गुन्हा घडला नाही असं होत नाही, कटाची कोणी पावती करून ठेवतं का? नारायणरावाच्या स्वतःच्या वागण्यावर एक अक्षर नाही. राघोबादादा कोपरगावला वारले, आनंदवल्लीला नव्हे. मराठीच्या बाईंनी कविता शिकवाव्यात, पेशवाईत लक्ष घालू नये."

खाली सही म्हणून 'इतिहासप्रेमी'.

चूक आधी कबूल करते. राघोबादादा ११ डिसेंबर १७८३ रोजी कोपरगावला वारले. मी आनंदवल्ली लिहिलं, ते चुकलं. आनंदीबाईंचा शेवट १७९४ मध्ये नाशिकजवळच्या आनंदवल्लीला झाला आणि लिहिण्याच्या ओघात नवराबायकोचे मृत्यू माझ्याकडून एकाच गावी गेले. दुरुस्ती त्याच रात्री केली आहे आणि तिथे आपले आभारही मानले आहेत.

आता शेवटच्या वाक्याबद्दल.

'बाई' हा शब्द मी सत्तावीस वर्षं ऐकला. तालुक्याच्या गावी शाळेत होते. आजही एस. टी. स्टँडवर मिशा पिकायला आलेला एखादा माणूस पलीकडून "बाई!" म्हणून हाक मारतो आणि पिशवी हातातून काढून घेतो. तो शब्द मला कोणी टोचण्यासाठी वापरेल असं वाटलं नव्हतं. आपण वापरलात. 'मराठीच्या बाई' असं म्हणून मला एका खोलीत बसवलंत आणि बाहेरून कडी लावलीत. असं पहिल्यांदा होत नाही. शिक्षकांच्या खोलीत, इतिहासाची जागा रिकामी असताना मी नववीचा पेशवाईचा भाग शिकवू का म्हणून विचारलं होतं, तेव्हा नेमकं हेच उत्तर मिळालं होतं. तो भाग त्या वर्षी कोणीच शिकवला नाही.

पण ज्या गोष्टीवरून आपण मला हाकलता आहात, ती गोष्ट कशाची आहे ते तरी पाहा. ती एका अक्षराची गोष्ट आहे. 'धरावे' लिहिलं होतं, त्याचं 'मारावे' झालं. कोणी केलं, कसं केलं, कशाने खाडाखोड केली, शाई तीच होती का? हे प्रश्न अक्षराचे आहेत. मराठीच्या बाईने अक्षरात लक्ष घालायचं नाही, तर मग कोणी घालायचं? ही गोष्ट फळ्यावर सांगताना आपण सगळे बाळबोध, म्हणजे देवनागरी, ध काढतो आणि त्याचा मा करून दाखवतो. पेशव्यांच्या वाड्यातला रोजचा कागद मोडीत चालायचा. मोडीतला ध आणि मोडीतला मा आपण कधी शेजारी शेजारी लिहून पाहिलेत? मी पाहिलेत. चाळिशीत, दोन दिवाळीच्या सुट्ट्या घालवून, एका निवृत्त कारकुनांच्या ओसरीवर बसून मी मोडी शिकले. त्यांनी माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. बखरीही मराठीच्याच पुस्तकात येतात, इतिहासप्रेमी. भाषेच्या दारातून पेशवाईत शिरायला मनाई आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

घटना आपल्याला ठाऊक आहे, तरी इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला गेले. धाकटे नारायणराव गादीवर आले. चुलते राघोबादादा वाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणपतीच्या दिवसांत, थकलेल्या पगाराचा तगादा करत गारदी, म्हणजे पदरचे भाडोत्री शिपाई, शनिवारवाड्यात घुसले आणि अठरा वर्षांच्या पेशव्याला त्यांनी चुलत्याच्या डोळ्यांदेखत मारलं. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद युसूफ हे गारद्यांचे म्होरके, आणि वाड्यातला सेवक तुळाजी पवार. आता मोजा. कैदेतून सुटून गादी हवी असलेला चुलता, पैशासाठी हत्यार उचलणारे तीन सरदार, आतली वाट दाखवणारा एक माणूस. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितलं ते राघोबादादांना. त्यांच्या तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडून गेले. पुढे साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं आली तीही राघोबादादांनाच. १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून साष्टी आणि वसई देऊ केली तीही त्यांनीच.

आणि अडीचशे वर्षं म्हण कोणाच्या नावावर चालते? "ध चा मा करणारी आनंदीबाई."

माझ्या लेखाचा मुद्दा एवढाच होता आणि तो तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. राघोबादादा म्हणजे राघोभरारी. अटकेपर्यंत घोडी नेलेला माणूस. मराठी मनाला १७५८ सालचं ते अटक सोडवत नाही, आणि १७७३ सालचा तो वाडा सोसवत नाही. एकाच माणसात या दोन गोष्टी ठेवणं फार जड जातं. मग भरारी त्याच्याकडे राहते आणि खून बायकोच्या लेखणीत जातो. इंग्रज कंपनीचा अधिकारी ग्रँट डफ साताऱ्याला होता. त्याने १८२६ मध्ये छापलेल्या इतिहासात हा फेरफार आनंदीबाईने केल्याचं लिहिलं, ते लोकांची सर्वत्र तशी समजूत आहे या आधारावर. खून होऊन तेव्हा त्रेपन्न वर्षं झाली होती. मूळ कागद कोणी छापलेला माझ्या पाहण्यात नाही.

"कटाची कोणी पावती करून ठेवतं का?" असं तुम्ही विचारता. वाक्य ठसकेबाज आहे. पण ध चा मा ही गोष्टच मुळी पावतीची आहे. कागद होता, त्यावर सही होती, अक्षर बदललं होतं, असं ती गोष्ट सांगते. कागदाच्या जोरावर बाईला दोषी ठरवायचं आणि कागद मागितला की कटाला कागद नसतो म्हणायचं, या दोन्ही गोष्टी एका तोंडाने बोलता येत नाहीत. आनंदीबाई राजकारणात होत्या, नवऱ्याला गादी मिळावी असं त्यांना वाटत होतं, हे मी लेखातच लिहिलं आहे. 'धुऊन काढणं' हे शब्द तुमचे आहेत. माझा लेख मी पुन्हा वाचला, त्यात ते नाहीत.

आता मॅकबेथ. त्याच्यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत, कदाचित तो कवितेच्या खोलीतला विषय वाटला असेल. लेखाचं हृदय तिथे होतं, म्हणून पुन्हा सांगते. शेक्सपिअरच्या नाटकात सेनापती मॅकबेथ बायकोच्या चिथावणीवरून घरी पाहुणा आलेल्या राजा डंकनला झोपेत मारतो. स्कॉटलंडचा खरा डंकन १०४० मध्ये लढाईत पडला. झोपेत त्याचा गळा कोणी कापला नाही. मॅकबेथने त्यानंतर सतरा वर्षं राज्य केलं. त्याची बायको ग्रुआख. तिचं नाव कागदोपत्री सापडतं ते एका दानपत्रात : नवराबायकोने लॉख लेव्हनच्या साधूंना जमीन दिली, एवढंच. मग हातावरचं रक्त धुणारी ती बाई आली कुठून? शेक्सपिअरने होलिन्शेडचा इतिहास हाताशी घेतला होता. त्यात डफ नावाच्या स्कॉटलंडच्याच दुसऱ्या एका राजाचा खून आहे. पाहुणा म्हणून झोपलेल्या राजाला डॉनवाल्ड नावाचा सरदार बायकोच्या चिथावणीवरून मारवतो. तो प्रसंग नाटककाराने उचलला आणि मॅकबेथच्या घरात आणून ठेवला. म्हणजे एका बाईची चिथावणी दुसऱ्या बाईच्या अंगावर चढली आणि पहिल्या अंकातला शूर सेनापती आपल्या डोळ्यांत थोडा तरी शूर राहिला. दानपत्र कोणाला आठवत नाही.

आमच्याकडे खाडिलकरांचं 'भाऊबंदकी', नारायणरावांच्या खुनावरचं नाटक, १९०९ मध्ये आलं. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटलेली. टिळकांच्या केसरीत लिहिणाऱ्या खाडिलकरांना भाऊबंदकी म्हणजे काय हे पुस्तकातून शोधावं लागत नव्हतं, आणि थेटरात बसलेल्यांनाही नव्हतं. त्या नाटकातल्या आनंदीबाईवर मॅकबेथची छाया आहे हे मराठीचे अभ्यासक नेहमी सांगत आले आहेत. मी खाडिलकरांना दोष देत नाही. ते नाटक मी वर्गात प्रेमाने शिकवलं आहे. राघोबासमोर उभ्या राहिलेल्या रामशास्त्र्यांचा प्रवेश वाचताना माझा आवाज दर वर्षी बदलायचा, ते मुलं अजून सांगतात. पण बघा काय झालं. पुण्याच्या वाड्यातल्या बाईला स्कॉटलंडच्या बाईचं लुगडं नेसवलं आणि स्कॉटलंडच्या बाईचं तर मुळात तिसऱ्याच बाईकडून आणलेलं. सत्तेची हाव होती पुरुषांची, तलवारी पुरुषांच्या, आणि या तिन्ही गोष्टींत लोकांचा विश्वास बसला तो बाईच्या कानगोष्टीवर. विश्वास काही नुसता पुस्तकात राहत नाही. तो घरात येतो.

आमच्या घरात आला होता. हे मी लेखात लिहिलं नव्हतं, तुमच्यामुळे लिहिते आहे.

माझ्या वडिलांची आई माहेरची आनंदी. चौथीपर्यंत शिकलेली, आणि तिच्या वडिलांच्या दुकानाची खतावणी मोडीत लिहायची. लग्नात ताटातल्या तांदळांत नवं नाव लिहिलं गेलं ते रुक्मिणी. नाव तर सगळ्यांचंच बदलायचं, त्यात काही नाही. पण तिच्या सासूने सोयरीक ठरतानाच सांगितलं होतं की आनंदी नावाची सून या उंबऱ्याच्या आत येणार नाही. पुढे घरात धान्याचा हिशेब चुकायचा, तिला तो दिसायचा, आणि ती वही मागायची. उत्तर ठरलेलं : "कशाला? ध चा मा करायला?" सगळे हसायचे. ती तांदूळ निवडत मला हे सांगायची तेव्हा तीही हसायची, म्हणून लहानपणी मला ती गंमतच वाटली.

ती गेल्यावर ट्रंकेत जमिनीच्या वाटणीचा कागद निघाला. त्यावर तीन सह्या होत्या, दिरांच्या आणि आजोबांच्या. खाली तिचा अंगठा. खतावणी लिहिणाऱ्या बाईचा अंगठा. मी वडिलांना विचारलं, तिला तर लिहिता यायचं ना? ते म्हणाले, तेव्हा कोणी वाद घालायचा, म्हणाले अंगठा दे, तिने दिला.

तुम्ही म्हणाल, एका घरातल्या गोष्टीने इतिहास सिद्ध होत नाही. शनिवारवाड्यात काय घडलं ते त्याने सिद्ध होत नाही, बरोबर. पण शनिवारवाड्याची गोष्ट पुढे काय करत राहिली, ते त्याने सिद्ध होतं, आणि माझा लेख त्याच्याबद्दल होता. ज्याच्या आजीचा अंगठा ट्रंकेत सापडला नाही, त्याला हे 'फॅशन' वाटू शकतं. मला वाटत नाही.

नारायणरावांच्या वागण्याबद्दल : ते उतावळे होते, कारभाऱ्यांना दुखावत होते, चुलत्याला त्यांनी कैदेत नीट वागवलं नाही, हे सर्वश्रुत आहे. अठरा वर्षांच्या मुलाच्या चुका त्याच्या खुनाच्या हिशेबात कोणत्या रकान्यात लिहायच्या ते मला कळलेलं नाही. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. या लेखाचा तो विषय नव्हता.

मी इथे माझ्या नावाने लिहिते. गावात मला ओळखणारे लोक हे वाचतात, चुकलं की घरी येऊन सांगतात. तुम्ही टोपणनावामागून लिहिलंत, तो तुमचा हक्क आहे. पण टोपणनाव घेतलं की समोरच्या माणसाला त्याच्या पोटापाण्याच्या कामावरून हिणवायची मुभा मिळते असं नाही. कोपरगाव सांगितलंत तसं बाकीचंही सांगितलं असतंत तर हे इतकं लांबलं नसतं.

ते शेवटचं वाक्य मागे घ्या. मग नारायणरावांवर बोलू, आणि तुमच्याकडे एखादं जुनं मोडी दप्तर असेल तर तेही घेऊन या. रविवारी दुपारी मी घरीच असते.