“सगळं एका पिशवीत भरा आणि जाळा” म्हणे!

हा फॉरवर्ड मला तिसऱ्यांदा आलाय. म्हणे दवाखान्यातला सगळाच कचरा घातक, त्यामुळे वेगवेगळा करत बसू नका, सुयांना टोपणं लावा, वरून ब्लीच मारा, एका पिशवीत कोंबा आणि मागच्या बाजूला नेऊन पेटवून द्या, विषय संपला. वॉर्डात एक ड्यूटी जरी केली असती ना तरी हे लिहिलं नसतं.

सगळा कचरा घातक? नाही हो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की साधारण ८५ टक्के कचरा घरच्यासारखाच असतो, कागद, खोकी, उरलेलं जेवण वगैरे, घातक म्हणावा असा उरलेला १५ टक्के. पण रक्ताने भिजलेला एक बोळा त्या कागदांत पडला की अख्खी पिशवीच घातक धरावी लागते, म्हणजे १५ चे १०० आपणच करतो. आणि नंतर निवडू म्हणाल तर बांधलेल्या पिशवीत हात घालणार कोण? ज्याच्या हातात कचरा आहे त्यानेच, तिथल्या तिथे, योग्य डब्यात टाकायचा.

आता टोपण. हे वाचून खरंच डोकं फिरलं. एका हातात सुई, दुसऱ्या हातात टोपण, जरा नेम चुकला की सुई सरळ बोटात. वापरलेली सुई टोपण न लावता, न वाकवता थेट जाड डब्यात टाकायची, असा डबा की ज्यातून टोक बाहेर येणार नाही, आणि तो पाऊण भरला की बंद करायचा, वरून दाबून अजून दोन बसवायच्या नाहीत. पिशवीत टाकलेली सुई टोपण निघालं की पिशवी फाडते, आपण इंजेक्शन देऊन मोकळे आणि टोचते ती पिशवी उचलणाऱ्या मावशींच्या पायाला. सगळे घाबरतात एचआयव्हीला, पण पेशंट बाधित असेल तर एका टोचण्यातून तो होण्याची शक्यता ०.३ टक्के, हिपॅटायटिस सीची (हिपॅटायटिस म्हणजे लिव्हरला सूज आणणारा आजार) १.८ च्या आसपास आणि बीची, लस घेतली नसेल तर, ३० टक्क्यांपर्यंत! बीचा व्हायरस शरीराबाहेर सात दिवस तरी टिकतो, आणि लस आहे ती नेमकी त्याच्यावरच, तरी सफाईवाल्यांना ती दिलीय का हे कुणी विचारत नाही.

ब्लीचचं थोडक्यात, रक्त-पू असला की त्याचा जोर तिथेच संपतो, सुईच्या पोकळीत तर ते नीट पोचतही नाही.

आणि जाळणं. उघड्यावरची आग पुरेशी तापत नाही, त्यात पीव्हीसी प्लास्टिकच्या नळ्या असल्या की डायॉक्सिन आणि फ्युरान ही विषारी रसायनं हवेत जातात. नीट इन्सिनरेटर, म्हणजे कचरा जाळायची बंद भट्टी लागते, ८५० ते ११०० डिग्रीची आणि धूर साफ करणारी. बऱ्याचशा संसर्गजन्य कचऱ्याला ऑटोक्लेव्हची (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र) वाफ पुरते. तुमच्या त्या खड्ड्यातल्या राखेत सुया तशाच शाबूत सापडतात, बघा कधी उकरून (नको, उकरू नका).

बरं, सुई टोचलीच तर काय, यावर एवढ्या लांब मेसेजमध्ये अवाक्षर नाही. साबण-पाण्याने धुवा, पिळत बसू नका, लगेच सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, तीही जितकी लवकर तितकी बरी, तेव्हा “ड्यूटी संपल्यावर बघू” करू नका.