जुन्या फियाटचा पार्ट कसा मिळवावा

ज्यांच्या दारात अजून प्रीमियर पद्मिनी उभी आहे, म्हणजे कागदोपत्री पद्मिनी आणि घरात, गल्लीत, गॅरेजात सगळीकडे 'फियाट', त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. मार्गदर्शकाचा अनुभव ताजा आहे. गेल्या महिन्यात मेव्हण्याच्या मुलीच्या साखरपुड्याला साताऱ्याहून कराडला निघालो होतो. शेंद्रे मागे पडलं आणि गाडीने दोन आचके देऊन रस्त्याची कडा धरली. बॉनेट उघडलं तर पेट्रोलचा भपकारा. इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा डायाफ्राम फाटला होता. सौभाग्यवती पैठणीत, हातात पेढ्यांचा बॉक्स, वडापला हात करतायत आणि मी फडक्याने इंजिन पुसतोय, असा तो मंगल प्रसंग.

नव्या गाड्या चालवणाऱ्यांसाठी दोन शब्द. हा पंप इंजिनाच्या कुशीला बसवलेला असतो. आतला कॅम फिरला की दांडी हलते, दांडीने डायाफ्राम, म्हणजे रबरी पडदा, वर-खाली होतो आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं. पडदा फाटला की पेट्रोल एक तर रस्त्यावर गळतं, नाहीतर गुपचूप ऑइलमध्ये उतरून ऑइलचं पाणी करतं. हा पडदा म्हणजे तळहातापेक्षा लहान रबराचा तुकडा. 1984 सालची 1089 सीसीची अख्खी गाडी त्या तुकड्यापायी पाच आठवडे ताडपत्रीखाली आहे. तर आता सूचना.

दुकानात जाताना जेवून जा.

काउंटरवर 'फियाट' हा शब्द उच्चारू नका. मी पोवई नाक्यापासून सुरुवात केली आणि पहिल्याच दुकानात हा शब्द तोंडातून गेला. पोरानं मोबाइलवरून मान वर न करता विचारलं, "पुंटो का लिनिया?" म्हणजे फियाटच्याच अलीकडच्या गाड्या.

"पद्मिनी."

"म्हंजी ती टॅक्सी?"

"टॅक्सी नाही. घरची गाडी आहे."

"नंबर सांगा, सिस्टीममध्ये टाकतो." टाकला. "न्हाय दाखवत ओ काका. मॉडेल बंद झालंय."

मॉडेल बंद झालंय हे मला सिस्टीमकडून कळायचं होतं! उत्पादन थांबलं, त्या वेळी हा पोरगा पाळण्यातसुद्धा नसेल. पण त्याचा राग धरू नका, तो बिचारा निदान खरं बोलला. दुसऱ्या दुकानात मालक स्वतः उठले, माळ्यावर चढले, धुळीचं खोकं झटकून खाली आणलं आणि छातीठोकपणे म्हणाले, "ओरिजिनल!" घरी येऊन पाहतो तर ती 118 एनईची वस्तू. आता 118 एनई हीसुद्धा प्रीमियरचीच, पण तिचं इंजिन निसानचं. आडनाव एक म्हणून चुलत्याची कवळी आपल्याला बसत नाही. परत गेलो तर मालक म्हणाले, "प्रीमियरच मागितलंत ना?" मागितलं होतं. चूक माझी.

हेडलाइट मात्र मिळतो. सात इंची गोल काच, जीपवाल्यांच्या कृपेने. तेवढ्यावर हुरळू नका.

फॅन बेल्टसाठी ऑटोमोबाइलच्या दुकानात जाऊच नका. जुना पट्टा घेऊन गिरणीच्या पट्ट्यांच्या दुकानात जा. ही एकच सूचना खरी आहे, बाकीच्या अशाच.

काच वर-खाली करायचा हँडल तुटला असेल तर पक्कड वापरा. पाहुण्यांना सांगा, चोराला काच उतरवता येऊ नये म्हणून अशी सोय केली आहे. टायरसाठी 5.20-14 हा आकडा दुकानदाराला तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलात तर तो तुमच्याकडे, देवळात चप्पल हरवलेल्या माणसाकडे बघावं तसा बघतो.

आठवणी ऐकायची तयारी ठेवा. ही सूचना सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण पार्ट मागितला की पार्ट मिळत नाही, आठवण मिळते. "आमच्या आण्णांची पण होती, क्रीम कलरची." "आमच्या मामांची डुक्कर फियाट होती हो, काय मजबूत!" "स्टिअरिंगला गिअर, काय तो रुबाब! पुढच्या सीटवर तिघं बसायचो." बसायचात, मान्य. आम्हीही बसायचो. मी मध्ये, गिअर टाकताना वडिलांचं कोपर माझ्या कानावर. पण मला आत्ता डायाफ्राम हवा आहे. पंप उघडून दाखवला तरी समोरचा डोळे मिटून 1988 सालच्या महाबळेश्वर सहलीतच असतो. घाटात गाडी तापली की पंपावर ओलं फडकं ठेवायचे, हेही तो मलाच समजावून सांगतो. मग शेवटी हळूच विचारतो, "आमच्या पुतण्याचं प्री-वेडिंग शूट आहे, कासला. गाडी मिळेल का एक दिवस? बॉनेटवर बसून फोटो छान येतात."

बॉनेटवर! त्या बॉनेटचा पत्रा ठोकणारा माणूस सातारा जिल्ह्यात आता मिळत नाही आणि यांना त्यावर घागरा पसरायचाय.

ऑनलाइन मागवायचं असेल तर अवश्य मागवा, पोस्टमनशी ओळख वाढते. 'सर्व जुन्या गाड्यांना बसतो' असं लिहिलेली वस्तू कुठल्याच गाडीला बसत नाही, हे आधी पाठ करा. मी मागवलेल्या डायाफ्रामची भोकं पंपाच्या भोकांशी जुळेनात. तक्रार केली तर उत्तर आलं, "डिअर कस्टमर, प्लीज फोटो पाठवा." पाठवले. सहा पाठवले. सातव्या दिवशी कळलं की परतीची मुदत सातच दिवसांची होती. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विचारलंत तर चाळीस जण अंगठा दाखवतात, एक जण 'आहे' म्हणतो. किंमत विचारली की 'इनबॉक्समध्ये बोलू.' अरे, अफू विकतोयस का? रबर आहे ते!

इथेनॉलला दोष देऊ नका, ते राष्ट्रकार्य आहे. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या रबराला ते मानवत नाही. नळ्या फुगतात, पडदे चिरतात. पण मला तक्रार करायला तोंड नाही. आमचा कोरेगावकडचा दीड एकर ऊस कारखान्यालाच जातो. तोडणीसाठी टोळीच्या मुकादमाच्या पाया पडतो मी, बिलासाठी वाट बघतो मी, त्या उसाचं इथेनॉल होऊन परत येतं माझ्याच टाकीत आणि डायाफ्राम खातं तोही माझाच. एवढं स्वावलंबन गांधीजींनाही सुचलं नसतं.

गाडीचं वय काळजीपूर्वक निवडा. पन्नास वर्षं भरली की सरकार तिला व्हिंटेज मानतं, वेगळी नोंदणी, वेगळी नंबरप्लेट, मान. माझ्या गाडीला तो मान 2034 साली मिळेल. तोवर ती नुसती म्हातारी. वीस वर्षांवरच्या मोटारीचं रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी वाढवायला 10,000 रुपये झालेत. भरतो. डायाफ्राम सोबत द्या म्हटलं तर हसतात.

मेकॅनिककडे गेलात तर त्याच्या प्रतिभेचा अपमान करू नका. एकाने सुचवलं, मारुती आठशेचा पंप बसवून देतो, पट्टी वेल्डिंग करू. दुसरा म्हणाला, इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप टाकू, विषय संपला. संपलाच असता. त्या पंपाचा दाब आमच्या कार्ब्युरेटरला सोसायचा नाही. पेट्रोल वरून ओसंडून तापलेल्या इंजिनावर पडलं असतं आणि मेव्हण्याकडे साखरपुड्यानंतर एकदम माझ्या दहाव्यालाच जमले असते सगळे. तिसऱ्याने चहा पाजला, सिगारेट पेटवली (पेट्रोल गळणाऱ्या पंपापासून चार फुटांवर) आणि सर्वांचा लाडका मंत्र म्हटला: "साहेब, इकून टाका की."

कोणाला विकू? तेही सांगतो. हायवेवरच्या एका कॅफेवाल्याने विचारणा केली आहे. त्याच्याकडे आधीच एक आहे. मधोमध कापलेली. पुढचा अर्धा भाग भिंतीतून बाहेर आल्यासारखा लावलाय, मागच्या अर्ध्याचा सोफा केलाय, त्यावर बसून पोरं कोल्ड कॉफी पितात. मी आत जाऊन बघून आलो. भिंतीत इंजिन होतं. पंपासकट. वर निळा दिवा सोडला होता. "पंप काढून देता का? पैसे देतो," म्हटलं. म्हणाला, "सॉरी सर, व्हिंटेज लुक जाईल."

बॉनेटखालचा पंप कोण बघणार होतं? दोनशे रुपयांची कोल्ड कॉफी घेऊन मी तो बघत बसलो, दुसरं कोण!

बरं, कुर्ल्याला जावं म्हणाल. ज्या कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या बनल्या, त्याच कुर्ल्यात सीएसटी रोडला जुन्या गाड्या सुट्या होतात. मुंबईत काळ्यापिवळ्या धावत होत्या तोवर पद्मिनीचा खिळासुद्धा मिळायचा, कारण रोज हजारो टॅक्सीवाल्यांना तो लागायचा. ऑक्टोबर 2023 मध्ये वीस वर्षांच्या नियमाने शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात सगळ्यांनी स्टेटस ठेवले. रडके इमोजी, 'एका युगाचा अंत'. मलाच बत्तीस जणांनी फॉरवर्ड केलं. माल मात्र कोणी भरून ठेवला नाही, कारण गिऱ्हाईकच गेलं. पुण्यात नाना पेठेत हिंडलो, तिथेही हेच. एक म्हातारे दुकानदार तेवढे म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी आला असतात तर!" दोन वर्षांपूर्वी फाटला नव्हता हो.

आणि आता जे सांगायचंय ते. ही चेष्टा पुरे.

करंज्यात आमचे एक मिस्त्री होते. नाव लिहीत नाही, साताऱ्यातल्या जुन्या फियाटवाल्यांना कळेल. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, पण मागच्या खोलीत भिंतभर फळ्या. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, व्हील सिलिंडरची किट, वॉटर पंप, पॅकिंगचे सेट. प्रत्येक गोष्ट तेलकागदात गुंडाळलेली, वर शिसपेन्सिलीने नाव आणि साल. गाड्या बंद होणार हे दिसल्यावर पदरमोड करून जमवलं होतं त्यांनी. मिस्त्री गेले दोन वर्षांपूर्वी. मी भेटायला गेलो होतो, तेव्हा त्या खोलीबद्दल बोलणं बरं दिसलं नसतं म्हणून बोललो नाही. आता डायाफ्रामसाठी गेलो तर शेडच्या जागी चहाचं दुकान. मुलगा गल्ल्यावर. चांगला बोलला, चहा दिला, पैसे घेतले नाहीत. "काका, ती सगळी अडगळ भंगारात दिली. टेम्पो भरून निघालं. बत्तीस रुपये किलोनं गेलं."

किलोनं! नवेकोरे, एकदाही न लागलेले पंप, किलोनं! मिस्त्रींनी लिहिलेल्या चिठ्ठ्यांसकट!

मी त्याला काही बोललो नाही, चहा पाजला होता त्यानं. इथे बोलतो. लेका, एक फोन करायचास. तुझ्या बापाच्या डायरीत आमचे सगळ्यांचे नंबर होते, पन्नासेक माणसं तरी होतीच. त्या पन्नास जणांनी दुपटीने, तिपटीने पैसे मोजून एका सकाळीत ती खोली रिकामी केली असती. तुला भंगारवाल्याचा नंबर सापडला, आमचा नाही सापडला?

आणि त्या पोरावरच का चिडू? तुम्ही वाचणारे काय करताय? 'वडिलांची फियाट होती' म्हणून गळा काढता. गाडी विकली, पण तिचे स्पेअर माळ्यावर आहेत की नाही? बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या पंचांगांच्या मागे. आहेत, मला माहीत आहे, कारण घाटात अडकायला नको म्हणून दोन पॉइंट, एक बेल्ट, एक पंपाचं किट घरात ठेवायची पद्धतच होती त्या पिढीची. तुम्ही ते ना वापरणार, ना विकणार, ना कोणाला देणार. आणि एक दिवस सून दिवाळीची सफाई काढेल आणि तो डबा जाईल रद्दीवाल्याच्या हातगाडीवर. मग पुन्हा स्टेटस ठेवाल. लाज वाटत नाही?

या रविवारी मी पंप फडक्यात गुंडाळून एस.टी.ने कोल्हापूरला उद्यमनगरात चाललोय. तिथे एक जण कापडी रबराच्या शीटमधून पडदा कापून देतो म्हणालाय. बसला तर बसला. तोवर तुम्ही शिडी लावा, माळ्यावर चढा, डबा खाली काढा आणि आत काय आहे ते बघून मला कळवा. पैसे रोख देईन, न्यायला मी येईन. फक्त "म्हणजे ती टॅक्सी का?" असं विचारू नका. फोन ठेवून देईन.