‘जखमही तुमचीच, मलमही तुमचंच’: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. अपात्र वाटत असतानाही ख्रिस्तात शांती कशी मिळाली, हा माझा लेख तुम्हाला खटकला आणि का खटकला ते तुम्ही आडपडदा न ठेवता लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ख्रिस्ती धर्म आधी माणसाला पापी ठरवतो आणि तो खचला की शांती देऊ करतो, म्हणजे जखमही तुमचीच, मलमही तुमचंच. दुसरा मुद्दा जास्त टोचणारा आहे. ज्याचं वाईट केलं त्याला न विचारता देवाकडून माफी घ्यायची आणि मोकळं व्हायचं, ही पळवाट झाली, असं तुम्ही म्हणता.

दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तो माझ्या घरातलाच आहे. लेखात मी ‘एक जुनी चूक’ एवढंच लिहून पुढे सरकले होते. तिथे मी हात आखडता घेतला. तुम्हाला ते पळून जाणं वाटलं, यात तुमचा दोष नाही.

आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. धाकट्या बहिणीने तिचं सगळं केलं. मी पैसे पाठवत होते, फोन करत होते आणि जाणं पुढे ढकलत होते. कामाचं कारण सांगायचे, ते खोटंही नव्हतं. पण आईला तशा अवस्थेत बघायची मला भीती वाटत होती, हे मी कुणाला सांगितलं नाही. आई गेल्यावर कपाट आवरताना एक शंभर पानी वही हाती लागली. बहिणीने त्यात रोजचा रक्तदाब, औषधांच्या वेळा, आई किती जेवली हे लिहून ठेवलं होतं. मधेमधे शनिवारच्या तारखेपुढे ‘ताई येणार’ असं लिहिलेलं आणि त्यावर मागाहून मारलेली एक सरळ रेघ. अशा अकरा रेघा मी मोजल्या.

मला पापी कुणी ठरवलं म्हणून विचाराल, तर त्या वहीने. पाळकांनी नव्हे, शास्त्राने तर नव्हेच. तुम्ही म्हणता ती जखम मी घेऊनच प्रार्थनेला बसले होते. हेही मान्य करते की काही ठिकाणी पापाची भीती दाखवून माणसांना दाबून ठेवलं जातं, ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच ‘तुझंच काहीतरी चुकलं असेल’ असं ऐकवलं जातं. तुमच्या वाट्याला तसं काही आलं असेल, तर तुमचा राग रास्त आहे. जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्यांनी येशूला हाच प्रश्न विचारला होता, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने तो प्रश्नच मोडीत काढला. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आहे ते.

तर वही सापडल्यानंतर मी चर्चला जात राहिले, पण प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या वेळी जागेवरून उठेना. शेजारची माणसं पुढे जायची, मी गुडघे बाजूला घेऊन त्यांना वाट करून द्यायचे. जवळजवळ चार वर्षं. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात लिहिलेलं एक वचन डोक्यात रुतून बसलं होतं: जो अयोग्य प्रकारे ही भाकर खाईल तो प्रभूच्या शरीराविषयी दोषी ठरेल. ‘अयोग्य’ हा शब्द आला की मला त्या रेघा दिसायच्या.

मग एकदा त्या पत्राचा तो अकरावा अध्याय पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला घेतला. मूळ ग्रीकमध्ये तो शब्द क्रियाविशेषण आहे. खाणारा कसा आहे याबद्दल तो बोलत नाही, खाण्याची रीत कशी आहे याबद्दल बोलतो. आणि करिंथात ती रीत कशी होती? मंडळी एकत्र जमायची, पण काही जण आपलं जेवण आधीच उरकायचे. एक उपाशी, दुसरा पिऊन तर्र. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असं पौल त्यांना खडसावतो आणि शेवटी सांगतो, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. उपाशी माणसाच्या बाजूने लिहिलेलं ते वचन मी उपाशी माणसालाच पानावरून उठवायला वापरत होते. ते लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ रडले.

लूकच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातला शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा अधिकारी, मला तेव्हापासून फार जवळचा वाटतो. त्याचा दास आजारी असतो. गावातले वडीलधारे येशूला सांगतात, याच्यासाठी हे करा, हा लायक माणूस आहे, आमचं सभास्थान यानेच बांधून दिलं. तो स्वतः मात्र निरोप पाठवतो, आपण माझ्या छपराखाली यावं एवढी माझी योग्यता नाही. लोक लायक म्हणतात, तो नालायक म्हणतो, आणि येशू दोघांपैकी कुणाच्याही बाजूने निकाल देत नाही. त्या माणसाच्या विश्वासाचं त्याला नवल वाटतं. दास बरा होतो.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला. पुढे त्यांनीच लिहून ठेवलं आहे, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे त्यांना आठ वर्षांनी कळलं. एवढ्या विदुषीला आठ वर्षं लागली, हे वाचून मला धीर आला.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. बहिणीचं काय?

आधी तिच्यासमोर बसले की मी खुलासे करायचे. अंतर, रजा, पाठवलेले पैसे. सगळा खटाटोप स्वतःला लायक ठरवण्याचा. देवापुढे ती गरज संपली तेव्हा पहिल्यांदा तिला सांगता आलं, “मी घाबरले म्हणून आले नाही. तुला एकटीला टाकलं.” पुढे ‘पण’ जोडला नाही. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदाराच्या गोष्टीतही हाच क्रम आहे. येशू आधी त्याच्या घरी उतरतो, आणि लुबाडलेलं चौपट परत देईन हे जक्कय त्यानंतर म्हणतो. माफी मिळाल्यावर त्याचं देणं बुडालं नाही, ते द्यायची ताकद आली.

बहिणीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मला अजून जमत नाही.” तो तिचा हक्क आहे. देवाने मला माफ केलं, हे वाक्य मी तिच्यासमोर उच्चारलेलं नाही, उच्चारणारही नाही. ते तिच्या दुःखावर झाकण घालायला मिळालेलं नाही.

मग शांती कसली, असं तुम्ही म्हणाल. बोचणी गेलेली नाही. पूर्वी रात्री जाग आली की मी अंधारात स्वतःची वकिली करत बसायचे. आता ‘हो, मी गेले नाही’ एवढं म्हणते, प्रार्थना करते आणि झोप लागते. ‘मी आपली शांती तुम्हांला देतो’ हे येशूने अटक झाली त्याच संध्याकाळी म्हटलं, आणि ज्यांना म्हटलं ते शिष्य त्याच रात्री त्याला सोडून पळाले. ते पळणार हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने ती दिली, परत मागितली नाही.

गेल्या महिन्यात बहिणीचा फोन आला, दोन मिनिटांचा, आईच्या काही कागदांवर माझी सही हवी होती म्हणून. शनिवारी येते म्हणाले, आणि गेले. तासभर बसले. वहीचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.