सात टप्प्यांचं गोंडोलिन? नाही हो!

नाशिकच्या फॅन्टसीप्रेमी ग्रुपांवर सध्या एक नकाशा फिरतोय: ‘एल्फांचं गोंडोलिन, सात टप्प्यांचं शहर, माथ्यावर पांढरा वृक्ष’. कॉलेज रोडवरच्या गेमवाल्या पोरांनी तर त्यावरून खेळातली मोहीमही आखायला घेतलीय. म्हणून हा खुलासा. गोंडोलिन हे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्कीनच्या काल्पनिक जगातलं, एल्फांचं म्हणजे माणसांसारख्याच पण अमर लोकांचं शहर.

सात टप्पे आणि पांढरा वृक्ष ही मिनास तिरिथची ओळख, आणि ते शहर माणसांनी बांधलेलं. टोल्कीनच्याच जगातलं, पण एल्फांचं नव्हे.

गोंडोलिनमध्येही सात आहेत, पण ते दरवाजे: लाकूड, दगड, कासं, लोखंड, चांदी, सोनं आणि शेवटी पोलाद. तेही शहरात नाहीत, डोंगरातल्या अरुंद घळीत एकामागून एक आहेत. म्हणजे दरवाजे कसारा घाटात आणि गाव पार पलीकडे, असा मामला. घळ संपली की तुमलादेनचं सपाट मैदान, आणि त्यातल्या टेकडीवर शहर. राजवाड्यापाशी झाडं आहेत, पण ती घडवलेली: सोन्याचं ग्लिंगल, चांदीचं बेल्थिल. राजा तुर्गोननं स्वतः केलेली. टोल्कीनच्या गोंडोलिनवरच्या सुरुवातीच्या, १९१६-१७ च्या कथेत थोरला बाजार, धाकटा बाजार, गुलाबांची गल्लीसुद्धा येते. नकाशात यातलं एकही नाही, हे जास्त खटकतं.

झाडांवरच्या घरांचा जो भाग कोपऱ्यात चिकटवलाय, तो लोथलोरिएन या एल्फांच्या वनातल्या कारास गालाधोन शहराचा. तो सरळ खोडून टाका. मोहीम आखायचीच, तर घळीपासून सुरू करा; सात पहारे ओलांडताना खेळाडूंचा घाम निघेल.