हाड म्हणजे वाळलेला चुना नव्हे: फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश पुन्हा पुन्हा येतो. त्याचा आशय असा: हाड म्हणजे वाळलेला चुना, चाळिशीनंतर त्यात जीव राहत नाही. रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून घेतला की हाडं पोलादी होतात. हाड मोडलंच तर पायाचं सूप प्या, प्लास्टर घालू नका, त्यानं हाड कुजतं. कामट्या घट्ट बांधून रोज तेल चोळा, पंधरा दिवसांत जुळतं. या शेवटच्या सल्ल्यापायी माणसाचा हात जाऊ शकतो, म्हणून एकेक दावा तपासायला हवा.

"हाड म्हणजे चुना"

पानाला लावायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. हाडातलं खनिज वेगळं आहे. ते कॅल्शियम आणि फॉस्फेटचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, त्यांना हायड्रॉक्सीॲपटाइट म्हणतात. हाडाच्या वजनात खनिज साधारण 60 ते 65 टक्के. 20 ते 25 टक्के सेंद्रिय भाग, त्यातलं जवळजवळ 90 टक्के कोलॅजन नावाचं प्रथिन. बाकी मुख्यतः पाणी.

हे घरी पाहता येतं. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ करून बरणीत पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. आठवडाभरात खनिज विरघळतं, आकार तोच राहतो, पण हाड वाकायला लागतं. दुसरं हाड चुलीच्या निखाऱ्यात पांढरं होईपर्यंत भाजा. आता कोलॅजन जळालेलं असतं, खनिज तसंच असतं, आणि हाड बोटांनी चुरडतं. कडकपणा खनिजाचा, चिवटपणा कोलॅजनचा. एकाला सोडून दुसरं निकामी.

नुसतं खनिज वाढवून हाड बळकट होत नाही, याचा पुरावा फ्लोरोसिसमध्ये दिसतो. उत्तर कर्नाटकातल्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की हाड एक्स-रेमध्ये दाट दिसतं, पण ते ठिसूळ असतं आणि सांधे आखडतात.

मांडीच्या हाडाची बाहेरची घट्ट भिंत सुमारे 0.2 मिलिमीटर जाडीच्या नळकांड्यांनी बनलेली असते. प्रत्येकाच्या मधोमध रक्तवाहिनीची वाट, भोवती एकात एक बसलेले थर. शेजारशेजारच्या थरांत कोलॅजनचे धागे वेगवेगळ्या दिशेनं जातात, त्यामुळे पडलेली बारीक भेग सरळ आरपार जात नाही. टोकांकडे जाळीदार हाड असतं, आणि त्या जाळीच्या पट्ट्या भार जिकडून येतो त्या दिशेनं बसलेल्या असतात.

"चाळिशीनंतर जीव राहत नाही"

ही रचना कायमची नसते. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे 10 टक्के भाग दर वर्षी मोडून नव्यानं बांधला जातो, आणि हे काम साठीतही चालू असतं. हाड खाणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, अनेक केंद्रकांच्या असतात. त्या आम्ल सोडून खनिज विरघळवतात, मग विकरांनी कोलॅजन तोडतात. एका जागी हे दोनतीन आठवडे चालतं. पाठोपाठ हाड बांधणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट येतात, आधी कोलॅजन अंथरतात, नंतर त्यात खनिज बसतं. तो खड्डा भरायला तीनचार महिने लागतात. म्हातारपणी आणि पाळी गेल्यावर खाणं बांधण्याला मागे टाकतं, हाड विरळ होतं. जीव मात्र गेलेला नसतो.

हाडातल्या पेशींत सर्वांत जास्त, 90 टक्क्यांहून अधिक, ऑस्टिओसाइट. बांधताबांधता स्वतःच भिंतीत गाडल्या गेलेल्या या पेशी बारीक नलिकांतून एकमेकींना धरून असतात. हाडावर भार पडला की नलिकांतला द्रव हलतो, आणि कुठं बांधायचं, कुठं काढायचं याचा निरोप त्या देतात. अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक टक्क्याच्या आसपास घटतं ते यामुळेच: भार नाही, निरोप नाही. चालणं, जिना चढणं, वजन उचलणं हे हाडासाठी अन्नाइतकंच गरजेचं आहे.

"गव्हाएवढा चुना"

हिशेब करू. गव्हाच्या दाण्याएवढा ओला चुना साधारण 50 मिलिग्रॅम, त्यात निम्म्याच्या आसपास पाणी. उरलेल्या चुन्यात वजनाच्या 54 टक्के कॅल्शियम, म्हणजे 13–14 मिलिग्रॅम. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम लागतं. ज्या वाटीभर दह्यात तो चुना कालवायचा, त्या दह्यातच त्याच्या आठदहा पट कॅल्शियम असतं! फायदा झालाच तर दह्याचा.

जास्त चुना खाणं हा उपाय नाही. तो तीव्र अल्कली आहे, तोंड आणि अन्ननलिका भाजते. चुन्याची पुडी पोरांच्या डोळ्यात फुटली तर दृष्टी जाऊ शकते. अशा वेळी लगेच भरपूर पाण्यानं डोळा धुवत राहा आणि तसंच दवाखाना गाठा. आणि तंबाखूबरोबर मळलेला चुना हिशेबात धरूच नका. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, मोडलेलं हाड उशिरा जुळतं.

आपल्याकडे सोपं आहे ते नाचणी. 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. खानापूरकडची भाकरी आणि आंबील सोडू नका. पण ड जीवनसत्त्व कमी असेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी जेमतेम 10–15 टक्के शोषलं जातं. हे जीवनसत्त्व उन्हात त्वचेत तयार होतं. कमी निघालं तर डॉक्टरांनी सांगितल्या मात्रेनंच औषध घ्या.

पायाच्या सुपात कॅल्शियम फार कमी उतरतं, आणि त्यातलं कोलॅजन पोटात इतर प्रथिनांसारखंच पचतं. आवडत असेल तर प्या.

"प्लास्टर नको, कामट्या आणि तेल"

प्लास्टर काढल्यावर हात बारीक, कातडी कोरडी, सांधा आखडलेला दिसतो. हाड कुजल्याची समजूत तिथून येते. प्रत्यक्षात न वापरल्यानं स्नायू उतरलेला असतो, व्यायामानं तो भरतो.

हाड जुळतं ते टप्प्यांनी. आधी रक्ताची गाठ, दोनतीन आठवड्यांत कूर्चेचा मऊ जोड, मग त्याचं कच्चं हाड. प्रौढाच्या मनगटाजवळचं हाड धरायला पाचसहा आठवडे, नडगीचं तीन ते चार महिने किंवा जास्त. लहान मुलांत लवकर. मऊ जोडावर रोज चोळलं की तो फाटतो आणि हाड न जुळता राहू शकतं. कोपराला तर मालीश अजिबात नको. तिथं स्नायूतच हाड तयार होऊन कोपर जाम होतो, मुलांत विशेषतः.

घट्ट कामट्यांचा धोका याहून मोठा आहे. मोडल्या जागी सूज वाढते, पट्टी ढिली होत नाही, आतला दाब रक्तपुरवठा तोडतो. सहा तासांच्या आसपास स्नायू मरायला लागतो. पुढे बोटं कायमची वाकडी होतात किंवा हात कापावा लागतो. घट्ट बसलेल्या प्लास्टरनंही हे होतं, म्हणून खुणा लक्षात ठेवा: गोळीनंही न थांबणारं, वाढत जाणारं दुखणं, बोटं सरळ केली की कळ, मुंग्या, बधिरपणा. बोटं गार किंवा निळी पडली तर फार उशीर झालेला असतो.

दवाखान्यात नेईपर्यंत अंगठ्या, बांगड्या काढा. मोडल्या जागेच्या वरचा आणि खालचा सांधा धरून पुठ्ठा किंवा फळी सैल बांधा, बोटं उघडी ठेवा. जखम असेल तर स्वच्छ कापडानं झाका, हळद भरू नका. पट्टीनंतर वरच्या खुणा दिसल्या तर रात्र असली तरी निघा, सकाळची वाट पाहू नका.