देवासाठी फुलं कशी तोडावीत

भक्ती खरी असेल तर देवाला विकतचं फूल वाहू नये. मंडईत पैसे मोजून झेंडू आणणं म्हणजे निव्वळ व्यवहार. गीतेच्या 9व्या अध्यायातला 26वा श्लोक काढून बघा: पान, फूल, फळ, पाणी, भक्तीनं दिलेलं काहीही भगवंतांना चालतं. फूल कुणाच्या कंपाउंडमधलं असावं, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

तेव्हा पहाटे साडेपाचला प्रभात रोडच्या गल्ल्यांत शिरा. (फिरणंही होतं, देव खूश, डॉक्टरही खूश.) खांद्याला पिशवी आणि हातात बाकदार मुठीची छत्री हवीच, मग उन्हाळा का असेना. मूठ भिंतीवरून आत घाला, जास्वंदीची फांदी अडकवा, सावकाश ओढा. फांदी रस्त्यावर आली की महापालिकेच्या हद्दीत आली, आणि महापालिकेचं ते आपलंच. कळ्याही सोडू नका. वाटीभर पाण्यात ठेवल्या की सकाळी उमलतात. झाडावर ठेवल्या तर उद्या दुसराच कोणी नेईल. लोक फार वाईट झालेत हल्ली.

पारिजातकाचं पडलेलं फूलही देवाला चालतं. पण वाकणार कोण? खोड धरून गदागदा हलवा.

शास्त्र मात्र काटेकोर पाळा. फूल हुंगायचं नाही. भाद्रपदातली चतुर्थी सोडली तर गणपतीला तुळस नाही, शंकराला केवडा नाही. उगाच पाप नको.

बंगल्यातल्या काकू बाहेर आल्याच तर हसून म्हणा, "देवासाठी हो!" याला पुण्यात अजून तोंडी उत्तर सापडलेलं नाही. पाटी तेवढी सापडली आहे: 'फुले तोडू नयेत. आमच्याही घरात देव आहेत.' ती वाचावी, शुद्धलेखन तपासावं आणि पिशवी भरावी.

निर्माल्य साठलं की प्लास्टिकच्या पिशवीला गच्च गाठ मारून मुठेत. घाटावर निर्माल्य कलश ठेवलेला असतो खरा, पण त्यासाठी गाडीवरून उतरावं लागतं.

आणि काकूंच्या देवांची काळजी नको. त्यांच्या दाराच्या कडीला रोज फुलपुडी लटकवलेली असते. दोन झेंडू, चिमूटभर दुर्वा, तुळशीची काडी. जाता जाता त्यात एखादं गुलाबाचं आहे का, तेवढं बघून घ्या.